कॅल्डेरा : खचलेल्या ज्वालामुखींची मीमांसा

ज्वालामुखीच्या माथ्यावरील ज्या मुखातून वायू, राख आणि लाव्हा बाहेर पडतात त्याला विवर म्हणतात, आणि अशी विवरे बहुधा काही शे मीटर रुंदीची असतात; एक किलोमीटरहून अधिक व्यासाचे खरे विवर क्वचितच आढळते. याउलट इंडोनेशिया, जपान, इटली, न्यूझीलंड, पूर्व आफ्रिका आणि अमेरिकेचा पश्चिम भाग अशा अनेक प्रदेशांत ज्वालामुखी खडकांच्या कड्यांनी वेढलेली पाच, वीस, क्वचित शंभर किलोमीटर लांबीची कुंडे आहेत. काहींत खोल सरोवरे साठली आहेत, टांझानियातील गोरोंगोरोसारख्या कुंडाच्या तळावर वन्य प्राण्यांचे कळप चरतात, तर जपानमधील आसोच्या कुंडात शेती, गावे आणि रेल्वेमार्ग आहेत. या कुंडांना भूविज्ञानात कॅल्डेरा म्हणतात. कॅल्डेरा म्हणजे वाढलेले विवर, अशी समजूत सहज होते. परंतु विवर हे उद्रेकातून बाहेर पडलेल्या पदार्थांच्या राशीने आणि स्फोटांच्या कोरण्याने घडते, तर कॅल्डेरा जमीन खाली खचल्यामुळे घडतो. हा भेद आज पाठ्यपुस्तकी वाटत असला तरी तो पक्का होण्यास जवळपास एक शतक लागले, आणि खचणे हा उद्रेकाचा परिणाम मानायचा की उद्रेक पुढे रेटणारे कारण, हा प्रश्न आजच्या संशोधनाच्याही केंद्रस्थानी आहे.

जर्मन भूवैज्ञानिक लेओपोल्ड फॉन बुख यांनी 1815 मध्ये कॅनरी बेटांचा प्रवास करून ला पाल्मा बेटावरील प्रचंड कुंड पाहिले आणि त्यावरून उत्थान-विवरांचा सिद्धांत मांडला. लाव्हाचे थर मुळात आडवे पसरलेले होते, खालून आलेल्या दाबाने ते घुमटासारखे वर उचलले गेले आणि घुमटाचा माथा फाटून मध्ये पोकळी निर्माण झाली, असे त्यांचे म्हणणे होते. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांच्यासारख्यांचा या मताला पाठिंबा असल्यामुळे ते दीर्घकाळ टिकले. चार्ल्स लायेल आणि जॉर्ज पूलेट स्क्रोप या ब्रिटिश भूवैज्ञानिकांनी मात्र तीव्र उतारावरही लाव्हा थिजू शकतो, त्यामुळे ज्वालामुखीचे तिरपे थर कोणी उचलल्यावाचून तिरपेच साठलेले असू शकतात, हे दाखवून या सिद्धांताचा पाया काढून घेतला. ज्या ला पाल्माच्या कुंडावरून हा वाद पेटला ते कुंड, आजच्या आकलनानुसार, मुख्यतः प्रचंड दरड कोसळून आणि नंतर पाण्याच्या झिजेने घडलेले आहे. म्हणजे ते ना उत्थानाचे उदाहरण आहे ना खचण्याचे. विज्ञानाच्या इतिहासात चुकीच्या उदाहरणावरून योग्य प्रश्न निघाल्याचे असे प्रसंग कमी नाहीत.

उत्थानाची कल्पना मागे पडल्यावर तिची जागा स्फोटाच्या कल्पनेने घेतली. पर्वताचा माथा नाही, त्या जागी खोल कुंड आहे आणि भोवती राखेचे थर आहेत, तेव्हा माथा स्फोटात उडाला असणार, हा तर्क इतका सरळ होता की त्याला विरोध करण्यासाठी हिशेबच मांडावा लागला. फ्रेंच भूवैज्ञानिक फेर्दिनाँ फूके यांनी 1879 मध्ये ग्रीसच्या सँटोरिनी बेटांविषयी लिहिलेल्या ग्रंथात तेथील समुद्राने भरलेले कुंड खचण्याने झाले असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर चारच वर्षांनी, 26 व 27 ऑगस्ट 1883 रोजी, सुंदा सामुद्रधुनीतील क्राकातोआ बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला आणि त्यातून उठलेल्या त्सुनामी लाटांनी जावा व सुमात्राच्या किनाऱ्यांवरील 36,000 हून अधिक माणसांचा बळी घेतला. डच वसाहतीतील खाण-अभियंते रोहियर फरबेक यांनी या घटनेची जी बारकाईने तपासणी केली तिच्यातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण साधे होते. बेट खरोखर उडाले असते, तर त्याच्या जुन्या खडकाचे तुकडे आसपासच्या बेटांवर ढिगांनी सापडायला हवे होते. प्रत्यक्षात तेथे साठलेला माल जवळपास सगळा नवा प्यूमिस होता, म्हणजे वायूंनी फुगून फेसाळलेल्या ताज्या शिलारसाचा हलका, सच्छिद्र खडक. जुना खडक बाहेर फेकला गेला नव्हता, म्हणजे तो खाली गेला होता.

हाच हिशेब अधिक निर्णायकपणे मांडला गेला तो अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या क्रेटर लेकबाबत. सुमारे 8 किलोमीटर रुंद व 10 किलोमीटर लांब आणि 594 मीटर कमाल खोलीचे हे सरोवर ज्या कुंडात आहे तेथे पूर्वी माझामा नावाने ओळखला जाणारा उंच पर्वत होता, हे कड्यांवरच्या खुणांवरून कळते: कुंडाच्या काठाला हिमनद्यांनी कोरलेल्या रुंद दऱ्या अचानक तुटलेल्या दिसतात, आणि ज्या उंचीवरून त्या हिमनद्या वाहत आल्या असतील तो माथाच आता उरलेला नाही. जोसेफ डिलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खचण्याचा पक्ष घेतला होता. हॉवेल विल्यम्स यांनी 1940 च्या सुमारास नाहीशा झालेल्या पर्वताचे घनफळ आणि भोवतालच्या निक्षेपांतील जुन्या खडकाचे प्रमाण यांची तुलना करून दाखवले की उडून गेलेला जुना खडक नाहीशा झालेल्या पर्वताचा अल्पसा अंश आहे. जगभरच्या कॅल्डेरांचे वर्गीकरण करणारा त्यांचा 1941 चा प्रबंध या विषयाचा आधुनिक आरंभ मानला जातो, आणि तो मान योग्यच आहे, कारण स्फोटाच्या भव्य चित्राला त्यांनी जमाखर्चाने उत्तर दिले.

खचण्याला वाट कशी मिळते, याचे उत्तर मात्र स्कॉटलंडमधल्या झिजलेल्या डोंगरांतून आले. तेथील ग्लेन कोच्या परिसराचा अभ्यास करून क्लाउ, मॉफ आणि बेली यांनी 1909 मध्ये दाखवले की ज्वालामुखी खडकांचा एक लंबवर्तुळाकार ठोकळा वलयाकार विभंगाच्या आत शेकडो मीटर खाली उतरला आहे आणि त्या विभंगाच्या बाजूने वर चढलेला शिलारस थिजून खडकाच्या उभ्या भित्ती तयार झाल्या आहेत. विभंग म्हणजे ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या सापेक्ष सरकलेले असतात ती भेग. सुमारे 42 कोटी वर्षे जुन्या या ज्वालामुखीचा वरचा भाग झिजून गेल्यामुळे, ताज्या कॅल्डेरात सरोवराखाली व राखेखाली दडलेली यंत्रणा येथे उघडी पडली होती.

या सर्व निरीक्षणांतून जे चित्र तयार झाले ते असे. भूपृष्ठाखाली साधारणपणे काही किलोमीटर ते दहा किलोमीटर खोलीवर शिलारसाचा साठा असतो, ज्याला शिलारसकोष म्हणतात. त्यात नवा शिलारस भरला जाऊन किंवा विरघळलेले पाणी व कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागून दाब वाढला, की छताला तडे जाऊन उद्रेक सुरू होतो. या पहिल्या टप्प्यात शिलारस स्वतःच्या दाबाने वर येतो आणि एकाच मुखातून राखेचा स्तंभ वीस-तीस किलोमीटर उंच चढू शकतो. पुरेसा शिलारस निघून गेला की कोषातला दाब भोवतालच्या खडकांच्या भारापेक्षा कमी होतो, छताचा आधार सुटतो आणि ते वलयाकार विभंगांवरून खाली घसरू लागते. टिमथी ड्रुइट आणि स्टीफन स्पार्क्स यांनी 1984 मध्ये मांडलेली ही दोन टप्प्यांची उपपत्ती, आधी अतिदाब आणि मग न्यूनदाब, आजही बहुतेक मीमांसांचा कणा आहे.

धान्य उपसल्यावर पेवाचे छत आत कोसळावे, तसे हे कोसळणे असते असे वरवर वाटते. पण उपमा येथपर्यंतच चालते, कारण शिलारसकोष कधीही रिकामा होत नाही. खालची पोकळी आधी तयार होऊन छत नंतर पडत नाही, तर छत उरलेल्या शिलारसावर टेकलेले राहूनच खाली दबत जाते, आणि दबताना तो शिलारस वलयाकार भेगांतून वर पिळून काढते. म्हणजे उद्रेकामुळे सुरू झालेले खचणे पुढे उद्रेकालाच चालना देते, आणि उद्रेकाचे रूप पालटते: एका मुखाऐवजी कुंडाच्या परिघावरच्या अनेक भेगांतून इतका माल एकदम उसळतो की त्याला उंच स्तंभात चढता येत नाही, आणि तप्त राख, प्यूमिस व वायू यांचे मिश्रण जमिनीलगत चोहीकडे वेगाने पसरते. या प्रवाहांच्या साठ्यांपासून बनणाऱ्या खडकाला इग्निम्ब्राइट म्हणतात. तो पुरेसा जाड व तप्त असेल तर राखेचे कण एकमेकांना चिकटून घट्ट, जवळपास लाव्हासारखा खडक तयार होतो. माझामाच्या सुमारे 7,700 वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचे निक्षेप चार्ल्स बेकन यांनी 1983 मध्ये याच दोन टप्प्यांत विभागून दाखवले. त्यांनी नोंदवलेला एक तपशील मोठा बोलका आहे: पर्वत खचण्याच्या थोडे आधी उत्तरेच्या उतारावर ओतलेला जाड लाव्हा कड्याला चीर पडली तेव्हा आतून अजून मऊ होता, आणि त्याचा काही भाग ओघळत मागे नव्या कुंडात उतरला. उद्रेकाच्या आरंभापासून कुंड तयार होण्यापर्यंत किती थोडा काळ गेला असेल, याची त्यावरून कल्पना येते.

छत सर्वत्र एकाच तऱ्हेने खचत नाही. ते अखंड ठोकळ्याच्या रूपात दट्ट्याप्रमाणे उतरू शकते, एका बाजूने बिजागरीवर राहून दुसऱ्या बाजूने झडपेसारखे उघडू शकते, तुकड्यातुकड्यांनी पडू शकते किंवा तुटण्याऐवजी नुसतेच झोळीसारखे लवू शकते. वाळूच्या थराखाली फुगा किंवा द्रव ठेवून आणि तो हळूहळू काढून घेऊन केलेल्या प्रयोगांत ही सारी रूपे पाहायला मिळाली आहेत. त्यांतून निघालेला मुख्य निष्कर्ष असा की छताची जाडी आणि त्याची रुंदी यांचे गुणोत्तर निर्णायक असते: रुंद व पातळ छत कोषातला लहानसा हिस्सा बाहेर पडताच सुसंगतपणे खाली उतरते, तर अरुंद व जाड छत खचवायला कोषाचा बराच मोठा भाग आधी निघून जावा लागतो, आणि खचणेही विस्कळीत होते.

वरील वर्णन मुख्यतः सिलिकाचे प्रमाण जास्त असलेल्या, घट्ट आणि वायूंनी भारलेल्या शिलारसाला लागू पडते. बेसाल्टी शिलारस पातळ असतो, त्यातले वायू सहज सुटतात, आणि तेथे कॅल्डेरा बनण्यासाठी माथ्यावर मोठा उद्रेक होण्याचीही गरज नसते. शिलारस भूमिगत भेगांतून आडवा निघून जाऊन दूर कोठेतरी बाहेर पडला तरी पुरते. हवाईतील किलाउएआच्या 2018 मधील उद्रेकात लाव्हा शिखरापासून सुमारे 40 किलोमीटर अंतरावरील वस्तीत वाहत होता, आणि त्याच वेळी शिखरावरच्या कुंडाचा तळ मे ते ऑगस्ट या काळात 62 टप्प्यांनी, दर टप्प्याला साधारण 5 रिश्टर प्रतीचा धक्का देत, काही ठिकाणी 500 मीटरहून अधिक खाली गेला. आइसलंडमधील बारदारबुंगा येथे 2014-15 च्या हिवाळ्यात शेकडो मीटर जाडीच्या बर्फाखालील कॅल्डेराचा तळ सहा महिन्यांत सुमारे 65 मीटर दबला, आणि त्याचा शिलारस 45 किलोमीटरांवरच्या मोकळ्या माळावर लाव्हा होऊन पसरला. या दोन घटनांचे महत्त्व त्यांच्या आकारात नाही, ते मोजमापात आहे: खचण्याचा वेग आणि दूरवरच्या लाव्हाचा ओघ हे एकमेकांशी बांधलेले असतात, हे उपग्रह, भूकंपमापक व स्थाननिश्चितीची यंत्रे यांनी येथे प्रथमच सलग नोंदवले.

शिखर एकीकडे खचावे आणि उद्रेक दुसरीकडे व्हावा, ही गोष्ट मात्र बेसाल्टापुरती मर्यादित नाही. अलास्कामध्ये जून 1912 मध्ये विसाव्या शतकातील सर्वांत मोठा उद्रेक झाला, सुमारे 13 घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला, आणि काटमाई पर्वताचा माथा खचून तेथे कुंड झाले. साहजिकच उद्रेकाचे श्रेय चार दशके काटमाईला दिले गेले. गार्निस कर्टिस यांनी राखेच्या थरांची जाडी ठिकठिकाणी मोजली तेव्हा ती काटमाईकडे वाढत नसून सुमारे 10 किलोमीटरांवरील नोव्हारुप्टा नावाच्या ठेंगण्या घुमटाकडे वाढते असे आढळले. काटमाईखालचा शिलारस जमिनीखालून तेथे गेला होता. कुंड दिसले म्हणजे उद्रेकाची जागा सापडली, हे गृहीतक त्यानंतर कोणालाही निर्धास्तपणे वापरता आलेले नाही.

मोठ्या कॅल्डेरांचा विचार सुमात्रातील टोबापाशी येऊन थांबतो. सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकात येथून अंदाजे 2,800 घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला आणि सुमारे 100 किलोमीटर लांब व 30 किलोमीटर रुंद कुंड तयार झाले. त्यातील सरोवराच्या मध्यावरचे सामोसीर बेट हा कुंडाचाच उचललेला तळ आहे, कारण त्याच्या माथ्यावर सरोवरात साठलेला गाळ सापडतो. खचलेला तळ नव्या शिलारसाच्या रेट्याने पुन्हा वर येण्याच्या या प्रक्रियेला पुनरुत्थान म्हणतात. न्यू मेक्सिकोतील वायेस कॅल्डेराच्या आधारे रॉबर्ट स्मिथ आणि रॉय बेली यांनी 1968 मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले. टोबाची राख बंगालच्या उपसागरावरून भारतीय उपखंडावर पसरली, आणि शोण नदीच्या खोऱ्यात व आंध्रातील ज्वालापुरम येथे तिचे जाड थर मिळाले आहेत. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरी येथे अश्मयुगीन हत्यारांच्या सान्निध्यात सापडलेल्या ज्वालामुखी राखेने तर पुरातत्त्वात दीर्घ वाद निर्माण केला. एका पक्षाने कालमापनाच्या आधारे ही राख लाखो वर्षे जुनी ठरवली, दुसऱ्याने तिच्या काचकणांची रासायनिक घडण टोबाच्या शेवटच्या उद्रेकाशी जुळते असे दाखवले. आणि निकालावर तेथील हत्यारांचे वय अवलंबून असल्याने वाद केवळ भूविज्ञानाचा राहिला नाही. या उद्रेकाने मानवजात जवळपास नष्ट केली, ही 1990 च्या दशकात गाजलेली कल्पना मात्र आता फारशी टिकून नाही: ज्वालापुरम येथे राखेच्या वर आणि खाली सारख्याच धाटणीची हत्यारे मिळाली, आणि आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या गाळातही त्या काळी तीव्र थंडी पडल्याच्या खुणा आढळल्या नाहीत.

महाराष्ट्राची भूमी ज्वालामुखी खडकाची असूनही येथे कॅल्डेरांची रांग का नाही, याचे उत्तर उद्रेकाच्या तऱ्हेत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा बेसाल्ट मुख्यतः लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरत गेला. एका उंच पर्वताखाली उथळ कोष साठावा आणि त्याचे छत खचावे, अशी मांडणी तेथे नव्हती. याच बेसाल्टातील लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे कुंड दीर्घकाळ ज्वालामुखीचे मानले गेले, पण 1973 मध्ये कर्ट फ्रेड्रिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील खडकांत आघाताच्या प्रचंड दाबाखालीच तयार होणारे काचेसारखे पदार्थ दाखवून ते अशनिपाताचे असल्याचे सिद्ध केले. भारतात खरा कॅल्डेरा पाहायचा तर अंदमान समुद्रातील बॅरन बेटाकडे पाहावे लागते, जेथे सुमारे दोन किलोमीटर व्यासाच्या पडक्या तटबंदीच्या आत 1991 पासून पुन्हा जागा झालेला शंकू उभा आहे.

शिलारसकोषाविषयीची कल्पनाही अलीकडे बरीच बदलली आहे. द्रवाने तुडुंब भरलेला हौद हे जुने चित्र भूकंपलहरींच्या अभ्यासाने मोडीत काढले; अमेरिकेतील यलोस्टोनखाली, जेथे सुमारे 6,40,000 वर्षांपूर्वी शेवटचा कॅल्डेरा बनला, साठ्याचा बहुतेक भाग घन स्फटिकांचा असून द्रव त्यांच्या फटींत लहान प्रमाणात आहे, आणि असा दाट लगदा जसाच्या तसा बाहेर पडू शकत नाही. यलोस्टोनच्या ठरावीक काळाने होणाऱ्या महाउद्रेकाची जी भाकिते वृत्तपत्रांतून अधूनमधून झळकतात, त्यांना तेथील कॅल्डेरा बनण्याच्या तीन घटनांखेरीज आधार नाही. दुसऱ्या बाजूने, लगद्यातून उद्रेकक्षम द्रव वेगळा होऊन साठण्यास लाखो वर्षे लागत असतील हा दिलासाही पुरता खरा नाही. ड्रुइट आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सँटोरिनीच्या कांस्ययुगीन उद्रेकातील स्फटिकांच्या वलयांचा अभ्यास केला. त्यात, कोषातल्या शिलारसाचा लक्षणीय हिस्सा उद्रेकापूर्वीच्या शेवटच्या शंभरेक वर्षांत, आणि त्यातला काही अखेरच्या महिन्यांत, वर आल्याचे दिसले.

या दोन निष्कर्षांमधला ताण इटलीतील कांपी फ्लेग्रेई येथे रोजच्या जीवनाचा भाग झाला आहे. नेपल्सच्या पश्चिमेचा हा कॅल्डेरा सुमारे 39,000 आणि 15,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकांनी घडला, आणि आज त्याच्या आत लाखो लोक राहतात. पोत्सुओली येथील रोमन बाजारपेठेच्या उभ्या संगमरवरी खांबांवर समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली भोके आहेत, म्हणजे जमीन तेथे समुद्राखाली जाऊन पुन्हा वर आली. लायेल यांनी 1830 मध्ये आपल्या ग्रंथाच्या आरंभी याच खांबांचे चित्र छापले. जमीन 1982 ते 1984 दरम्यान सुमारे 1.8 मीटर वर उचलली गेली, हजारो कुटुंबे हलवली गेली, आणि उद्रेक झाला नाही. 2005 पासून ती पुन्हा वर चढते आहे आणि अलीकडच्या वर्षांत भूकंपांची तीव्रता वाढली आहे. या कुंडातला शेवटचा उद्रेक 1538 मध्ये झाला. त्याआधी जमीन कित्येक दशके हळूहळू उचलली जात होती, परंतु निर्णायक चढ शेवटच्या दोन दिवसांतच आला, आणि आठवड्याभरात मोंते नुओवो ही सुमारे 130 मीटर उंचीची टेकडी उभी राहिली. इटलीच्या शासनाची सध्याची योजना धोक्याच्या क्षेत्रातील सर्व लोकसंख्या 72 तासांत बाहेर काढण्याची आहे, म्हणून तो चढ सुरू होण्यापूर्वीच निर्णय घेता येईल असे लक्षण शोधणे हे तेथील वेधशाळेचे मुख्य काम आहे.